अविश्वसनीय निवेदक आणि स्मृती

कथात्म साहित्यातील निवेदकाचा एक प्रकार. अमेरिकन समीक्षक वेन सी. बूथ (१९२१–२००५) ह्यांनी द ऱ्हेटरिक ऑफ फिक्शन (१९६१) ह्या ग्रंथात ही संज्ञा रूढ केली. साहित्यकृतीतून सूचित होणाऱ्या मूल्यांशी ज्याचे बोलणे वा वागणे जुळत नाही, तो निवेदक अविश्वसनीय होय, असे त्यांचे प्रतिपादन. साहजिकच लबाड, भ्रमिष्ट वा अजाण निवेदकांकडे समीक्षकांचे लक्ष अधिक गेले. आठवणींची जुळणी स्वतःला सोसेल अशा रीतीने करणारा निवेदक ह्यांहून निराळा. तो हेतुतः खोटे बोलतच नाही.

काझुओ इशिगुरो (१९५४– ) ह्यांची द रिमेन्स ऑफ द डे (१९८९) ही बुकर पारितोषिकप्राप्त कादंबरी ह्याचे उत्कृष्ट उदाहरण होय. स्टीव्हन्स हा वयस्क बटलर १९५६ मध्ये मोटारप्रवास करीत असता लॉर्ड डार्लिंग्टन ह्यांच्या सेवेतील दिवस आठवतो. १९२३ च्या परिषदेच्या वेळी वडील वारले, तरी पाहुण्यांच्या सरबराईत आपण खंड पडू दिला नाही, हे तो अभिमानाने सांगतो. आपण रडलो, असे तो कोठेही म्हणत नाही. रडतोस की काय, असे धनी विचारतात, तेवढ्यावरून वाचकाला ते उमगते. मिस केंटन बंद दाराआड रडत असल्याची आठवण तो प्रथम तिच्या आप्तेच्या मृत्यूशी जोडतो; मागाहून मात्र ती रात्र वेगळी होती, हे त्याला मान्य करावे लागते. दुसऱ्याच्या लग्नाच्या मागणीला होकार देऊन ती परतली होती, ती ही रात्र.

दोन ज्यू मोलकरणींना केवळ त्या ज्यू म्हणून काढून टाकण्याचा हुकूम स्टीव्हन्स बिनतक्रार अमलात आणतो. आपल्यालाही ते रुचले नव्हते, असे तो पुढे वर्षाहून अधिक काळ लोटल्यावर सांगतो. मग तेव्हाच तसे का बोलला नाहीत, ह्या मिस केंटनच्या प्रश्नाला त्याच्यापाशी धड उत्तर नाही. आठवणीची ही दुरुस्ती केवळ निवेदनतंत्राचा भाग मानणे अपुरे ठरेल. तिच्यामागे जबाबदारी टाळण्याची धडपड आहे आणि त्याची दरबारी, शिष्टाचाराची भाषा त्या धडपडीला आडोसा देते.

जूल्यन बार्न्झ ह्यांच्या द सेन्स ऑफ ॲन एंडिंग (२०११) ह्या कादंबरीत टोनी वेबस्टरपुढे त्यानेच तरुणपणी मित्राला लिहिलेले विखारी पत्र अनेक दशकांनी येऊन पडते. परिणाम तीव्र आहे. तथापि येथे कागदोपत्री पुरावाच उपलब्ध असल्याने वाचकाचे काम हलके होते. इशिगुरोंच्या कादंबरीत असा पुरावा नाही; स्टीव्हन्सच्याच शब्दांतील विसंगती वाचकाला टिपाव्या लागतात.