गतदशकाचा वेश आणि आजची वैयक्तिक शैली : १९६० च्या दशकातील हिंदी चित्रपटांच्या वेशभूषेच्या संदर्भात एक समीक्षा

प्रस्तावना

महाविद्यालयीन स्नेहसंमेलनांत ‘साडी डे’ आणि ‘ट्रॅडिशनल डे’ यांच्या जोडीला ‘रेट्रो डे’ आता चांगलाच रुळला आहे. त्या दिवशी ठिपक्यांच्या साड्या, बाह्या नसलेले ब्लाऊज, फुगवून बांधलेले अंबाडे, डोळ्यांच्या कडेबाहेर ओढलेली काजळाची रेघ आणि मुलांच्या गळ्यातील रुमाल असा थाट दिसतो. विद्यार्थ्यांना विचारले असता हा वेश ‘जुन्या सिनेमातला’ असे उत्तर मिळते आणि त्यांच्या मनातील जुना सिनेमा बहुतेक वेळा १९६० च्या दशकातील असतो. या हौसेकडे केवळ करमणूक म्हणून पाहून सोडून देता येईल. परंतु तसे केल्यास एका महत्त्वाच्या प्रश्नाकडे दुर्लक्ष होईल. गेलेल्या दशकाच्या वेशातून आजच्या व्यक्तीला स्वतःची शैली घडवता येते काय, आणि येत असल्यास ती कोणत्या मार्गाने, हा तो प्रश्न होय.

वेशभूषेच्या गंभीर अभ्यासाची परंपरा आपल्याकडे नवी नाही. डॉ. गो. स. घुर्ये यांचा भारतीय वेशभूषेवरील ग्रंथ १९५१ साली प्रसिद्ध झाला. तथापि चित्रपटीय वेशभूषेची समीक्षा मराठीत अद्याप तुरळक आहे. कथा, अभिनय, संगीत यांवर विपुल लिहिले जाते. वस्त्रांचा उल्लेख मात्र विशेषणापुरता येतो. प्रस्तुत लेखात निवडक चित्रपटांतील वेशांच्या आधारे असे प्रतिपादन केले आहे की, त्या दशकाकडून घेण्यासारखी गोष्ट तयार रूप नसून रूप घडविण्याची रीत आहे.

१. अनुकरण आणि प्रेरणा

फॅशनमध्ये इतरांसारखे दिसण्याची आणि इतरांहून वेगळे दिसण्याची अशा दोन परस्परविरोधी ओढी एकाच वेळी काम करतात, हे जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच दाखवून दिले. जुन्या दशकाचा वेश करणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत ही दुहेरी ओढ अधिक स्पष्ट होते. समवयस्कांपेक्षा वेगळे दिसण्यासाठी ती भूतकाळाकडे वळते. परंतु तेथे गेल्यावर तिला दुसऱ्या कोणासारखे तरी दिसायचे असते. वॉल्टर बेंजामिन यांनी १९४० मधील आपल्या टिपणांत फॅशनला भूतकाळावर वाघाने घेतलेल्या झेपेची उपमा दिली आहे. ही झेप सत्ताधारी वर्गाने आखलेल्या रिंगणातच घेतली जाते, असेही ते सुचवतात. आजच्या संदर्भात ते रिंगण बाजारपेठेचे आहे असे म्हणता येईल.

अनुकरणात वस्तू घेतली जाते, तर प्रेरणेत त्या वस्तूमागील निर्णय समजून घेतला जातो. हा भेद तत्त्वतः सोपा असला तरी प्रत्यक्ष वस्त्रांच्या उदाहरणांवाचून तो पोकळ राहतो.

२. घेणाऱ्या दशकाचे घेणे

आज ज्या दशकाकडे मूळ स्रोत म्हणून पाहिले जाते, त्या दशकाने स्वतःच इतरत्रून किती घेतले होते, हे प्रथम लक्षात घ्यावयास हवे.

‘लव्ह इन सिमला’ (१९६०) या चित्रपटात साधना यांच्या कपाळावर रुळणारी केसांची झालर दिसते. दिग्दर्शक आर. के. नय्यर यांना त्यांचे कपाळ रुंद वाटले आणि ते झाकण्यासाठी ऑड्री हेपबर्न यांच्या केशरचनेचा आधार घेण्यात आला, ही हकिकत सर्वश्रुत आहे. मूळ रचना परदेशी होती. परंतु ती घेण्याचे कारण एका विशिष्ट चेहऱ्याची विशिष्ट गरज हे होते. म्हणूनच ती ‘साधना कट’ या नावाने ओळखली गेली. पुढे असंख्य मुलींनी तशी झालर कापून घेतली, तेव्हा गरज मागे पडून खूण तेवढी उरली.

दुसरे उदाहरण ‘वक्त’ (१९६५) मधील साधना यांच्याच चुडीदार व घट्ट कुडत्याचे. वेशभूषाकार भानू अथैय्या यांनी येथे जुनाच, उत्तर हिंदुस्थानी परंपरेतील पोशाख घेतला. मात्र त्याचा सैलपणा काढून तो अंगाबरोबर बसवला. चुडीदाराचे रहस्य त्याच्या कापणीत असते. कापड उभ्या-आडव्या धाग्यांत सरळ न कापता उरेब कापले की त्याला अंगचा ताण येतो. त्यामुळे विजार पोटरीला घट्ट बसूनही गुडघा वाकतो आणि जादा लांबीच्या चुण्या घोट्याशी बांगड्यांसारख्या जमतात. आज बाजारात मिळणारी लेगिंग याच आकृतीची उत्तराधिकारी आहे; पण तिचा ताण लवचीक धाग्यातून येतो, कापणीतून नव्हे. दुरून आकृती सारखी दिसते. शिंप्याचे ज्ञान मात्र मधल्या मध्ये गळून गेलेले असते.

तिसरे उदाहरण ‘आम्रपाली’ (१९६६) या लेख टंडन दिग्दर्शित चित्रपटाचे. वैजयंतीमाला यांच्या वेशासाठी भानू अथैय्या यांनी अजिंठ्याच्या चित्रांचा अभ्यास केला होता. कोल्हापुरात १९२९ साली जन्मलेल्या आणि मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकलेल्या या कलावतीची दृष्टी मुळात चित्रकाराची होती, हे येथे महत्त्वाचे ठरते. भिंतीवरील रंगवलेले वस्त्र आणि नाचणाऱ्या नटीच्या अंगावरील वस्त्र यांच्या गरजा भिन्न असतात. चित्रातील वस्त्र गळून पडत नाही. पडद्यावरील वस्त्राला गिरकी, कॅमेरा आणि प्रेक्षकांच्या संकोचाच्या मर्यादा सांभाळाव्या लागतात. त्यामुळे या वेशाला अजिंठ्याची प्रतिकृती म्हणता येणार नाही. तो अजिंठ्याचा एक अर्थ आहे. इतिहासाच्या काटेकोर कसोटीवर तो सर्वत्र टिकेल असे नाही. परंतु प्रेरणा म्हणून तो अस्सल आहे. काय ठेवायचे आणि काय सोडायचे याचा निर्णय त्यात जाणीवपूर्वक घेतलेला दिसतो.

३. नारिंगी साडीचे पुनरागमन

‘ब्रह्मचारी’ (१९६८) मधील मुमताज यांची नारिंगी साडी हे त्या दशकातील सर्वाधिक अनुकरण झालेल्या वेशांपैकी एक होय. तीही भानू अथैय्या यांचीच निर्मिती. साडी अंगाभोवती घट्ट लपेटून तिच्या सोनेरी काठांचे थर एकावर एक चढवल्यामुळे नेहमीच्या निऱ्यांचा घोळ नाहीसा होतो आणि पाय मोकळेपणाने हलू शकतात. नृत्याची लय वेगवान होती. घोळदार साडीत ती शक्य झाली नसती. रंगाचेही तसेच. हिंदी चित्रपट त्या दशकात झपाट्याने रंगीत होत होता आणि गर्दीच्या दृश्यात नायिकेवर नजर खिळवून ठेवण्याचे काम हा भडक नारिंगी रंग चोख करतो. थोडक्यात, या साडीतील प्रत्येक वैशिष्ट्याला एक काम नेमून दिलेले आहे.

हीच साडी आज विवाहपूर्व समारंभांत व नृत्यस्पर्धांत तयार शिवलेल्या स्वरूपात वापरली जाते, तेव्हा रूप कायम राहते आणि काम हरवते. तासन्‌तास उभे राहून पाहुण्यांचे स्वागत करणाऱ्या वधूला या लपेटण्याचा उपयोग कोणता, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. याउलट एखाद्या विद्यार्थिनीने दुचाकीवरून येता यावे म्हणून निऱ्यांचा घोळ कमी करणारी नेसण्याची रीत शोधली, तर नारिंगी रंगाचा मागमूस नसतानाही ती त्या साडीची अधिक खरी वारसदार ठरेल, असे आम्हांस वाटते.

‘ओम शांती ओम’ (२००७) या फराह खान यांच्या चित्रपटाने १९७० च्या दशकातील चित्रसृष्टीची प्रेमळ थट्टा करीत जुन्या वेशांना नवी लोकप्रियता दिली. विडंबनाला खुणा ठळक करणे भागच असते, आणि त्या मर्यादेत तो चित्रपट यशस्वी आहे. अडचण निर्माण होते ती विडंबनातील ठळक खुणा हाच भूतकाळ मानला गेल्यावर. कृष्णधवल चित्रपटांच्या बाबतीत तर ही अडचण आणखी वाढते. ‘साहिब बीबी और गुलाम’ (१९६२) मधील साड्यांचे रंग पडद्यावर नाहीतच. आज त्यांची नक्कल करणाऱ्याला रंग स्वतःच ठरवावा लागतो. विरोधाभास असा की, जेथे नक्कल अशक्य होते, तेथेच निवड सुरू होते.

४. पडद्याबाहेरचे दशक

पडद्यावरील वेश म्हणजे त्या दशकाचा वेश नव्हे, ही जाणीव ठेवली नाही तर संपूर्ण विवेचन एकांगी होईल. महाराष्ट्रातील शहरी मध्यमवर्गीय घरांत तेव्हा आजीचे नऊवारी लुगडे, आईची गोल पाचवारी साडी आणि मुलीचे परकर-पोलके किंवा फ्रॉक एकाच दांडीवर वाळत असत. मापनाची दशमान पद्धती १९५६ च्या कायद्याने आली आणि कापड मीटरवर विकले जाऊ लागले, तरी साडीच्या नावातील ‘वार’ आजतागायत टिकून आहे. नायलॉन व टेरिलीन यांचे आकर्षण वाढत होते, कारण ती वस्त्रे लवकर वाळत आणि इस्त्री फारशी मागत नसत. घराबाहेर नोकरी करू लागलेल्या स्त्रीच्या दृष्टीने ही सोय सौंदर्याइतकीच मोलाची होती.

या घरांतील वस्त्रांचे आयुष्य दीर्घ असे. विरलेल्या लुगड्याचे चांगले भाग जोडून दंड घातला जाई. मोठ्या भावाची विजार आखूड करून धाकट्याला मिळे. अखेरीस जुनेर गोधडीत जाई किंवा बोहारणीकडून त्याच्या बदल्यात भांडे घेतले जाई. आज ‘व्हिंटेज’ म्हणून गौरवली जाणारी वस्तू त्या काळी जपून, पुरवून वापरलेली वस्तू होती. कपडे मुख्यतः शिंप्याकडून शिवून घेतले जात. त्यामुळे चित्रपटातील गळ्याची नक्कल करतानाही शिंपी, कापड आणि नेसणाऱ्या व्यक्तीचे माप यांतून काहीतरी वेगळेच तयार होई. तयार कपड्यांच्या युगात ही मधली वाटाघाट संपुष्टात आली. मुंबईतील गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला आणि त्यानंतर गिरणगावाला पूर्वीचे रूप पुन्हा लाभले नाही. त्या गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या काही मॉलमध्ये आज ‘रेट्रो’ छापाचे कपडे मिळतात, ही घटना अभ्यासकाने नोंदवून ठेवावी अशी आहे.

५. भूतकाळ सर्वांचा सारखा नसतो

गतकाळाच्या वेशाबद्दलचे प्रेम हे ज्यांच्या गतकाळात वेशाची निवड होती त्यांना अधिक सुलभ असते. आपल्या समाजात वस्त्र हे दीर्घकाळ जातीची खूण होते. दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेले कपडे वापरणे ही अनेकांसाठी आवड नसून लादलेली स्थिती होती. महाड येथे डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्त्रियांना जात ओळखू येईल अशी लुगडे नेसण्याची पद्धत व तसे दागिने सोडून देण्याचे आवाहन केले होते. तेथे जुना वेश टाकणे हीच आत्मसन्मानाची कृती होती.

वर्गात शेजारी बसणाऱ्या दोन विद्यार्थिनींपैकी एकीला आजीची पेटी म्हणजे प्रेरणेचा ठेवा वाटेल, तर दुसरीच्या आजीने पेटीत ठेवावे असे काही मागे ठेवलेलेच नसेल. ‘रेट्रो डे’च्या दिवशी साध्या, नव्या, इस्त्री केलेल्या कपड्यांत येणारी विद्यार्थिनी अरसिक आहे असा निष्कर्ष काढण्यापूर्वी प्राध्यापकांनी हा संदर्भ ध्यानात घ्यावा. वैयक्तिक शैलीत भूतकाळाला नकार देण्याचाही समावेश होतो. जी समीक्षा हा नकार शैली म्हणून वाचू शकत नाही, तिने वेशाचा अर्धाच अर्थ लावलेला असतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, १९६० च्या दशकातील चित्रपटीय वेश हा नवनिर्मितीचा शुद्ध उगम नव्हता. अजिंठा, उत्तर हिंदुस्थानी पोशाख आणि पाश्चात्य चित्रपट यांतून त्याने मुक्तपणे घेतले. त्याचे यश घेतलेले प्रत्येक रूप विशिष्ट शरीर, विशिष्ट हालचाल आणि विशिष्ट माध्यम यांच्या कसोटीवर पुन्हा कापण्यात होते. भानू अथैय्या यांना ‘गांधी’ (१९८२) साठी जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर पारितोषिक मिळाले, त्यामागेही हीच शिस्त होती. तेथे तर वेशातील झगमगाट कमी करीत नेणे हेच कथानकाचे मागणे होते. ऑस्करची ती बाहुली त्यांनी २०१२ मध्ये सुरक्षित जतनासाठी अकादमीकडे परत सोपवली आणि २०२० साली त्यांचे निधन झाले. आपल्या वस्त्रपरंपरेच्या जतनाविषयी या घटनेने उपस्थित केलेला प्रश्न अनुत्तरितच आहे.

गतदशकाच्या वेशाचे मूल्यमापन करताना, आणि तो अंगावर घेतानाही, तीन प्रश्न उपयुक्त ठरतील. हे वस्त्र मुळात कोणत्या कामासाठी असे कापले गेले? ते काम आज माझ्या आयुष्यात आहे काय? आणि ते स्वीकारताना मी कोणाचे श्रम व कोणाचा अनुभव नजरेआड करीत आहे? या प्रश्नांची उत्तरे शोधणाऱ्या व्यक्तीच्या अंगावर कदाचित ठिपक्यांची साडी नसेलही. परंतु तिने उरेब कापणीचे मर्म जाणले असेल आणि आपल्या मापाचे काय ते ओळखले असेल. महाविद्यालयांनी ‘रेट्रो डे’ बंद करण्याचे कारण नाही. त्या दिवशी एखाद्या जुन्या शिंप्याला व्यासपीठावर बोलावून विद्यार्थ्यांसमोर चुडीदार कापून दाखवण्याची विनंती केली, तर त्या दशकाची ओळख छायाचित्रांपेक्षा अधिक नेमकी होईल.