मालकीचे घर की परवडणारे घर? : मुंबईतील झोपडपट्टी पुनर्वसन धोरणाची चिकित्सा

प्रस्तावना :
मुंबईचा कामगारवर्ग ज्या चाळींत स्थिरावला, त्या प्रामुख्याने भाड्याच्या होत्या. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. त्यामुळे भाडेकरूंना संरक्षण लाभले. परंतु भाड्यासाठी नवी घरे बांधण्यात मालकांना स्वारस्य उरले नाही आणि जुन्या इमारतींची दुरुस्तीही रखडली. भाड्याच्या घराचा पर्याय आक्रसत गेला, तसा शहरात नव्याने येणाऱ्या श्रमिकाला झोपडीचाच आधार उरला. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची सुमारे ४१ टक्के लोकसंख्या झोपडपट्ट्यांत राहत होती.

पुनर्वसनाचे अर्थकारण :
या प्रश्नावर १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन योजनेचा मार्ग स्वीकारण्यात आला. पात्र झोपडीधारकास २२५ चौरस फुटांचे मोफत मालकीचे घर आणि त्याच्या मोबदल्यात विकसकास वाढीव चटई क्षेत्र, असे तिचे सूत्र होते. शासनाच्या तिजोरीवर थेट भार नाही, हे तिचे आकर्षण. अनेक कुटुंबांना तिने कायदेशीर निवारा दिला, हे नाकारता येत नाही. तथापि तिच्या मुळाशीच एक अंतर्विरोध आहे. मोफत घरांचा खर्च विक्रीच्या सदनिकांतून वसूल होतो. म्हणजेच बाजारभाव चढे असतील तरच गरिबांचे पुनर्वसन शक्य होते. मध्यमवर्गाला न परवडणारी घरे ही या योजनेची विकृती नसून तिची पूर्वअट ठरते. विकसकही साहजिकच महागड्या जमिनीवरील वस्त्यांकडे वळतो. इतरत्र योजना रेंगाळतात.

वगळलेले घटक :
पात्रता एका ठरावीक दिनांकावर अवलंबून असते. प्रथम १ जानेवारी १९९५ ही तारीख होती. पुढे ती १ जानेवारी २००० करण्यात आली. त्यानंतर आलेला श्रमिक मोफत घरास अपात्र ठरतो. पात्र कुटुंबाचीही विवंचना संपत नाही. घर मोफत मिळते, पण उद्वाहन, पाणी व देखभालीचा मासिक खर्च सुरू होतो. २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत वार्षिक ६ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना ६ लाखांपर्यंतच्या कर्जावर ६.५ टक्के व्याज-अनुदान मिळत असे. मात्र कर्जासाठी नियमित उत्पन्नाचा पुरावा लागतो. फेरीवाला, नाका-कामगार वा घरकामगार स्त्री तो कोठून आणणार? २०२० च्या टाळेबंदीत स्थलांतरितांची झालेली परवड पाहून केंद्र शासनाने परवडणाऱ्या भाडे-गृहसंकुलांची योजना जाहीर केली. मालकीकेंद्री धोरणाच्या मर्यादेची ती अप्रत्यक्ष कबुलीच होती.

निष्कर्ष :
मालकी हे सुरक्षिततेचे एक साधन आहे, एकमेव नव्हे. किती कुटुंबांना किल्ल्या वाटल्या, या निकषावर धोरणाचे यश मोजणे अपुरे आहे. निवाऱ्यावर उत्पन्नाचा किती हिस्सा खर्च होतो आणि कामाचे ठिकाण किती दूर पडते, हे प्रश्नही तितकेच महत्त्वाचे आहेत. सार्वजनिक जमिनीवर शासनाने स्वतः भाड्याची घरे उभारून त्यांची देखभाल केल्याशिवाय परवडणाऱ्या घरांचा प्रश्न सुटणार नाही.