अपराधी कोण?

आमच्या देऊळघाटासारख्या लहान गावीही दिवेलागणीनंतर घरोघर दूरचित्रवाणीवरील मालिका सुरू होतात आणि त्यांत एखादी सून निमूटपणे छळ सोशीत असलेली पुष्कळदा दिसते. असे चित्र दाखवूच नये, हे आमचे म्हणणे नाही. घरात छळ आहे तोवर तो कलेत उतरणारच. प्रश्न इतकाच की, त्या चित्रात अपराधी कोण ठरतो?

गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले. सुधाकराच्या हातून तान्ह्या बाळाचा आणि सिंधूचा घात होतो. मरणोन्मुख सिंधू पतीस वाचविण्यासाठी असत्य बोलते, आणि तेच तिचे परमोच्च पातिव्रत्य ठरते. नाटकाचा विषयच मद्य असल्याने प्रेक्षक दारूस दोष देत घरी जावा, यात नवल नाही. परंतु शतक लोटल्यावरही पुष्कळशा मालिकांनी प्याल्याच्या जागी केवळ खाष्ट सासू अथवा परस्त्री आणून बसविली आहे. हात उगारणारा पुरुष मात्र पुन्हा सुटतोच!

‘आई कुठे काय करते’ (२०१९–२०२४) या मालिकेचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. घरासाठी राबणाऱ्या स्त्रीची अवहेलना हाही छळच, हे अरुंधतीच्या कथेने घरोघर पोहोचविले. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानेही मारहाणीच्या जोडीस शाब्दिक, भावनिक व आर्थिक छळ हिंसाचारातच गणिला आहे. तथापि रोज एक भाग पुरविण्याच्या धंद्यास दुःख लांबवावेच लागते. छळ संपला की कथा संपली! म्हणूनच संरक्षण अधिकारी, न्यायालयातील अर्ज, राहत्या घरावरील तिचा हक्क यांस मालिकांत क्वचितच स्थान मिळते. अश्रूंस मात्र तोटा नसतो.

आमच्या शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ या ग्रंथात तत्कालीन नाटक-कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रणाचीही झडती घेतली. स्त्रियांच्या माथी मारलेले दोष पुरुषांत नाहीत काय, असा त्यांचा रोकडा सवाल होता. त्या टीकेचा वारसा आपण चालविला पाहिजे. सासू, सून, मुलगा असे सारे कुटुंब एकत्र बसून मालिका पाहते, तेव्हा डोळे पुसण्यापूर्वी कोणीतरी मोठ्याने एवढेच विचारावे : मारले कोणी?