बालवाडीची पाटी

तीन वर्षांचे मूल आपल्या साहित्यविचारात अजून आलेले नाही. शाळेविषयी आपण पुष्कळ लिहिले. दाराबाहेर बसवलेले मूल, माठापासून दूर ठेवलेले मूल, मास्तराने लांबून छडी फेकून मारलेले मूल आपल्या आत्मकथनांनी मराठी वाचकापुढे उभे केले आणि त्याला मान खाली घालायला लावली. पण हे मूल सहा-सात वर्षांचे आहे. त्याआधी ते कुठे होते? बहुधा थोरल्या बहिणीच्या कडेवर होते. आई दुसऱ्याच्या रानात, बाप कामाच्या शोधात, आणि कडेवर भाऊ आहे म्हणून बहिणीची शाळा सुटलेली. आमच्या घरात पहिला पदवीधर मी. माझी ताई चौथीतून घरी बसली, कारण मी जन्मलो होतो. माझ्या पदवीच्या हिशेबात ही रक्कम कुणी धरलेली नाही. मीही पुष्कळ वर्षे धरली नव्हती.

हा विषय काढायला एक पाटी कारण झाली. छत्रपती संभाजीनगरपासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या आमच्या वस्तीत आम्ही अकरा नोकरदार गेली तीन वर्षे वर्गणी काढून एक बालवाडी चालवतो. सरकारी अंगणवाडी गावात आहे, वस्ती ओढ्यापलीकडे आहे, आणि पावसाळ्यात लहान लेकरे ओढा ओलांडू शकत नाहीत. गेल्या ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीदिवशी, आम्ही बालवाडीच्या दाराशी पाटी लावली. तीवर अकरा नावे, नावांपुढे पदव्या. माझे नाव तिसरे. ती पाटी पाहून मला माझी स्वतःची बालवाडी आठवली, आणि मी अस्वस्थ झालो.

१९९० नंतरच्या त्या एक-दोन वर्षांत आमच्या गावात एका धर्मादाय ट्रस्टची बालवाडी होती. ती मारुतीच्या देवळाच्या ओवरीत भरे. गावातली मुले ओवरीवर बसत, आम्ही चारजण खालच्या फरशीवर. कुणी आम्हांला खाली बसा म्हटल्याचे आठवत नाही. तेच अधिक वाईट, कारण आम्हांला सांगावेच लागत नव्हते. खाऊ वाटण्यापूर्वी ज्यांच्या नावाने ट्रस्ट होता त्यांच्या तसबिरीपुढे हात जोडायचे असत. त्या बालवाडीत मी अक्षर एकही शिकलो नाही. हात जोडायला मात्र शिकलो, आणि ते इतके पक्के शिकलो की पुढे नागसेनवनात आल्यावर ते विसरायला मला दोन वर्षे लागली.

म्हणून माझा प्रश्न दानाची रक्कम किती हा नाही. दानाने चालणाऱ्या बालवाडीत मूल नेमके काय शिकते, हा आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा विचार बोर्डी-कोसबादला वळसा घालून करता येत नाही. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांच्या सोबतीने १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा केला. शहरी मध्यमवर्गातली ही बालशिक्षणाची चळवळ १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला, खेड्यात नेली आणि तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबादच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये गेले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा मुलांकडे जाईल, असे म्हणून या दोघींनी वस्तीच्या अंगणात वाडी भरवली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यातून आला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा झाली. माँटेसरीची महागडी साधने बाजूला ठेवून शिंपले, बिया, पाने, माती यांतून साधने घडवली. विकासवाडीत तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. धाकटे पाळणाघरात असेल तरच थोरली वर्गात बसू शकते, एवढे साधे गणित त्यांनी ओळखले होते. माझ्या ताईचे गणित तेच होते. आपल्याकडे कोसबादचे नाव घेतले की काहीजण ‘सवर्णांचे समाजकार्य’ म्हणून हात झटकतात. ते मला मान्य नाही. तेराव्या वर्षी लग्न होऊन सहा महिन्यांत विधवा झालेली आणि मग स्वतःच्या हिमतीवर शिकलेली बाई धनिक दात्यांच्या रांगेत बसवता येत नाही.

तरीही एक अडचण उरते. ज्या १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू झाली, त्याच साली, त्याच डहाणू-उंबरगावच्या पट्ट्यात वारल्यांचा उठाव झाला. मे महिन्यात झरीला परिषद भरली आणि वेठ करणार नाही असे वारल्यांनी ठरवले. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर सावकाराकडे राबणारा लग्नगडी त्या साली ताठ उभा राहिला. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, माणसे मेली. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक याच लढ्यातून आले. ते १९७० मध्ये निघाले व १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. अनुताईंच्या पुस्तकाचे नाव ‘कोसबादच्या टेकडीवरून’. शीर्षकावरून पुस्तक जोखू नये हे मी वर्गात मुलांना सांगतो, आणि इथे तोच गुन्हा करतो आहे. पण दोन नावांतील दृष्टी पाहा. एका नावात पाहणारा टेकडीवर आहे. दुसऱ्या नावात कर्ता माणूस आहे, आणि तो स्वतः जागा होतो. एकीने मुलाच्या हाती शिंपले दिले, दुसरीच्या पुस्तकात त्या मुलाच्या बापाने वेठ नाकारली. बाप वेठीला असेल तर मूल बालवाडीत किती दिवस टिकेल? आणि बाप मोकळा झाला, पण मूल दिवसभर झोपडीच्या दाराशी धुळीत बसून राहिले, तर तो मोकळेपणा पुढच्या पिढीत कसा उतरेल? या दोन पुस्तकांना एकमेकांची गरज आहे, आणि मराठी समीक्षेने त्यांना शेजारी बसवलेले मी तरी पाहिलेले नाही. दोन्ही लेखिका उच्चवर्णीय घरांतल्या, हेही नोंदले पाहिजे. दोन्ही पुस्तकांतले वारली मूल स्वतः लिहीत नाही.

योगायोग असा की बाबासाहेबांचे ‘काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले’ हा प्रश्न मांडणारे इंग्रजी पुस्तकही १९४५ चेच. हरिजन सेवक संघाची त्यांनी त्यात केलेली चिकित्सा बालवाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने वाचली पाहिजे. पुणे करारानंतर हा संघ निघाला, तेव्हा विलायतेच्या वाटेवर बोटीतून, १४ नोव्हेंबर १९३२ रोजी, बाबासाहेबांनी संघाचे चिटणीस ठक्कर यांना सविस्तर पत्र लिहिले. माणूस आपल्या दोषामुळे गरीब राहतो असे मानले, तर त्याला शाळा, वाचनालय, दारूबंदीचा उपदेश द्यावा. परिस्थितीने त्याला दाबले आहे असे मानले, तर परिस्थितीवर चाल करावी, विहिरी, शाळा, रस्ते यांवरचा त्याचा हक्क बजावून घ्यावा. संघाने दुसरी वाट धरावी असा त्यांचा आग्रह होता. संघाने पहिलीच धरली. पुढे संघाच्या कारभारात अस्पृश्यांना जागा द्या अशी मागणी झाली तेव्हा गांधीजींचे उत्तर असे की, हा सवर्णांच्या प्रायश्चित्ताचा संघ आहे, ऋण फेडणारे कारभार पाहतील. ऋणको म्हणवणाऱ्याने हिशेबाची वही स्वतःकडे ठेवायची आणि धनकोला ती पाहूही द्यायची नाही, असा हा अजब व्यवहार! आणि मुळात हे दान तरी कशाचे? शेतकऱ्याच्या घामातून आलेला सारा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो, हे जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडले होते. आमच्याच घरातून गेलेली कवडी आमच्याच दारी भिक्षा होऊन येते.

स्वतंत्र भारतात हा प्रश्न सुटायला हवा होता. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ प्रकल्पांनी सुरू झाली. महाराष्ट्रात आरंभ मेळघाटातल्या धारणीला झाला. कोसबादचा शब्द शासनाने घेतला. शब्दाबरोबर पाळणाघर घेतले नाही, आणि शिकवणे खिचडी, वजन व रजिस्टर यांच्या खाली गेले. खिचडीला मी नाव ठेवत नाही, भुकेल्या मुलाला आधी तीच हवी. पण योजनेने जी मराठी घडवली ती भाषेचा शिक्षक म्हणून मला टोचते. इतर ठिकाणी जी कार्यकर्ती आहे ती आपल्याकडे ‘सेविका’ झाली. तिचा पगार ‘मानधन’ झाला. मूल ‘लाभार्थी’ झाले. तीनही शब्द दानाच्या घरातले. सेविका म्हटले की तिने हक्क मागणे शोभत नाही, मानधन म्हटले की ते कमी आहे असे बोलणे असभ्य ठरते. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे मानधन म्हणजे वेतनच आहे असे मानून अंगणवाडी कर्मचाऱ्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. म्हणजे न्यायालयाला एका शब्दाची समीक्षा करावी लागली. ते काम आपण मराठीवाल्यांनी आधी करायला हवे होते. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ मध्ये राज्यातल्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या, तेव्हा ‘लेकरांचे हाल’ म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटले. लेकरांना सांभाळणाऱ्या बाईच्या घरचे लेकरू कुणाला आठवले नाही.

आणि आता ‘दत्तक’. कंपनी कायद्याने २०१३ मध्ये मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामाला लावायला सांगितले. २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने अंगणवाड्या दत्तक देण्याचे धोरण आणले, पाठोपाठ सप्टेंबर २०२३ मध्ये शाळा दत्तक देण्याचे. दत्तक कोण देते? ज्याला पोसवत नाही तो. शासन जिवंत आहे, कर गोळा करते आहे, आणि लेकरू दुसऱ्याच्या ओटीत घालते आहे. दत्तकात मुलाचे नावही बदलते, हे लक्षात घेतले की पाटीचे कोडे उलगडते. दोन टक्क्यांत भिंती रंगतात, भिंतीवर हत्ती, ससा येतात, कोपऱ्यात देणाऱ्याचे बोधचिन्ह येते. रंगवू नये असे मी म्हणत नाही. लेकरांना हत्ती आवडतो. पण ऊसतोडीला आई-बाप निघाले की दिवाळीच्या सुमारास ते लेकरू त्या हत्तीला सोडून कारखान्याच्या फडावर जाते आणि पाचटाच्या कोपीत सहा महिने काढते. भिंत दत्तक घेता येते, फडावर गेलेले मूल घेता येत नाही, कारण तिथे पाटी लावायला भिंतच नसते.

दान नको, असे मी म्हणत नाही. उद्या आमची वर्गणी थांबली तर ओढ्यापलीकडची लेकरे पुन्हा धुळीत बसतील. पण वस्तीला अंगणवाडी मिळणे ही कुणाची मेहेरबानी नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना अंगणवाड्या देण्यात अग्रक्रम ठेवा, असे सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ च्या आदेशात म्हटले. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशाने तर सहा वर्षांखालची ४० मुले असलेल्या आणि अंगणवाडी नसलेल्या वस्तीने मागणी केल्यास तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी द्यावी असे ठरले. आमच्या वस्तीत चाळीसहून अधिक मुले आहेत. मी पीएच. डी. झालेला माणूस. हा आदेश मला ठाऊक होता. तीन वर्षे आम्ही वर्गणी गोळा केली, पण एकदाही मागणीचा अर्ज केला नाही. का केला नाही? अर्ज केला असता तर अंगणवाडी वस्तीची झाली असती. वर्गणीने ती आमची झाली. हे लिहिताना लाज वाटते, पण समीक्षा दुसऱ्याच्या पुस्तकाची करायची आणि स्वतःची पाटी झाकून ठेवायची, हे या नियतकालिकात तरी शोभणारे नाही.

गेल्या महिन्यात मी हे सारे आमच्या अकराजणांपुढे मांडले. दोघे रागावले. ‘समाजाचे ऋण फेडतो आहोत, त्यातही तुला खोट दिसते का?’ असे एकाने विचारले. बरेच वाजले. अखेर ठरले ते असे: अर्ज वस्तीतल्या बायांच्या सह्या-अंगठ्यांनी द्यायचा, तो मंजूर होईपर्यंत बालवाडी चालवायची, आणि कारभारी मंडळात पाच जागा मुलांच्या आयांना द्यायच्या.

पहिली बैठक समाजमंदिरात झाली. हिशेब मी वाचून दाखवला. त्यात शिकवणाऱ्या मुलीला आम्ही देतो त्या रकमेपुढे मीही ‘मानधन’च लिहिले होते, हे वाचता वाचता माझ्या ध्यानात आले. ऊसतोडीहून परतलेल्या एका मावशी मागे बसल्या होत्या. त्यांनी बोट वर केले नाही, उठूनही उभ्या राहिल्या नाहीत. बसल्या जागेवरून म्हणाल्या, “सर, ते पाटीला किती पैशे गेले ते वाचलंच न्हाई तुमी.”

मी वही उलटली. आकडा होता. त्या मुलीच्या दीड महिन्याच्या पगाराएवढा होता. मी तो मोठ्याने वाचला.

“मंग पुढचं वाचा,” मावशी म्हणाल्या.