‘सखाराम बाइंडर’ : करार, संमती आणि मर्यादा

प्रास्ताविक

विजय तेंडुलकर यांचे ‘सखाराम बाइंडर’ हे नाटक कमलाकर सारंग यांच्या दिग्दर्शनाखाली १९७२ मध्ये रंगभूमीवर आले. निळू फुले यांनी सखारामची आणि लालन सारंग यांनी चंपाची भूमिका केली. परिनिरीक्षण मंडळाने आक्षेप घेतल्यामुळे प्रयोगांचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. परिणामी या नाटकाची चर्चा दीर्घकाळ श्लील-अश्लीलतेच्या वादाभोवती फिरत राहिली. सखाराम हा दांभिक समाजाला आव्हान देणारा सच्चा, रोखठोक पुरुष आहे, असे मतही रूढ झाले. परंतु रोखठोकपणा म्हणजे समानता नव्हे. दोन व्यक्तींच्या संबंधात ‘संमती’ कशाला म्हणावे, या दृष्टीने नाटकाचे पुनर्वाचन केल्यास हा भेद स्पष्ट होतो.

उंबरठ्यावरील करार

नवऱ्याने टाकलेल्या किंवा नवऱ्याला सोडून आलेल्या स्त्रियांना सखाराम घरी आणतो. घरात पाऊल टाकताच तो आपले नियम सांगतो. दोन वेळचे जेवण व लुगडे मिळेल. घरकाम करावे लागेल, त्याचा शब्द पाळावा लागेल आणि पत्नीचे सर्व व्यवहार करावे लागतील. न पटल्यास जाण्याची मुभा आहे. वरकरणी हा व्यवहार पारदर्शक आहे. त्यात फसवणूक नाही. तथापि, अटी ठरविणारा एकच पक्ष आहे आणि दुसऱ्या पक्षाला निवारा नाही. जिच्यापुढे रस्ता हाच एकमेव पर्याय आहे, तिच्या होकारास निवड म्हणणे कठीण आहे. शिवाय हा होकार एकदाच, दारात घेतला जातो आणि पुढील प्रत्येक रात्रीसाठी तो गृहीत धरला जातो. विवाहसंस्थेची यथेच्छ टवाळी करणारा सखाराम नवऱ्याचा हा हक्क मात्र निमूटपणे स्वीकारतो. त्याचे बंड अपुरे पडते ते येथे.

संमती आणि शरणागती

मुंगळ्याशी बोलताना लक्ष्मी मोकळेपणाने हसते. तेच हसू सखाराम रात्री तिच्याकडून मागतो. तिचा पाय भाजलेला असतानाही धमकावून तो तिला हसायला लावतो. येथे केवळ शरीरच नव्हे, तर मनाची उत्स्फूर्त कृतीही वसूल केली जाते. चंपाच्या बाबतीत हे अधिक ठळक होते. फौजदार शिंदेने तिचा अनन्वित छळ केलेला आहे. सखारामला ती आरंभी स्पष्ट नकार देते; परंतु घर सोडण्याची वेळ येताच दारूचा आधार घेऊन स्वतःला त्याच्या स्वाधीन करते. शुद्ध हरपल्याशिवाय जो संबंध सहन होत नाही, त्यात संमती शोधता येत नाही. सखारामच्या दृष्टीने मात्र करार पाळला गेलेला असतो.

संमती आणि शरणागती यांतील हा भेद भारतीय कायद्यालाही सहज उमगला नाही. हे नाटक आले त्याच १९७२ मध्ये तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, यावर भर देत सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना निर्दोष ठरविले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या विधी-अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून याच भेदाकडे लक्ष वेधले. त्यानंतर उभ्या राहिलेल्या चळवळीतून १९८३ ची दुरुस्ती झाली. पुढे २०१३ च्या दुरुस्तीने संमती म्हणजे त्या विशिष्ट कृतीस दिलेला निःसंदिग्ध व स्वेच्छेचा होकार, अशी व्याख्या केली. केवळ प्रतिकार न करणे म्हणजे संमती नव्हे, हेही नमूद केले.

मर्यादा आणि नियंत्रण

लक्ष्मी एका प्रसंगी ठाम विरोध करते. गणपतीच्या आरतीत दाऊदने सहभागी होणे तिला मान्य नसते. सखाराम तिला पट्ट्याने मारतो; तरीही ती हटत नाही. तिचे धैर्य लक्षणीय आहे आणि मारहाणीचे समर्थन होऊच शकत नाही. परंतु ही मर्यादा तिने स्वतःच्या शरीराभोवती आखलेली नाही. दुसऱ्याला धर्मावरून बाहेर ठेवण्यासाठी ती आखलेली आहे. मर्यादा स्वतःच्या देहमनाचे रक्षण करते, नियंत्रण दुसऱ्याच्या वर्तनावर हक्क सांगते. हा भेद नाटकातील कोणत्याच पात्राला उमगत नाही.

नाटकाचा शेवट याचीच परिणती होय. चंपाने स्वेच्छेने जोडलेला एकच संबंध नाटकात आहे, तो दाऊदशी. लक्ष्मी त्याची वार्ता सखारामला देते आणि सखाराम चंपाचा गळा दाबतो. चंपाच्या नकाराला या घरात किंमत नव्हती. तिच्या खऱ्या होकाराला मृत्यूची शिक्षा मिळते. सखारामच्या करारात स्त्रीची इच्छा कोठेच नव्हती, याचा याहून स्पष्ट पुरावा नाही. प्रेत पुरण्यासाठी पुढे सरसावणारी लक्ष्मी त्या कराराची शेवटची राखणदार ठरते.

समारोप

लक्ष्मी सोशिक, चंपा बंडखोर, अशी सोपी विभागणी वर्गात या नाटकाच्या अध्यापनात अनेकदा केली जाते. ती अपुरी आहे. दोघींनाही नाही म्हणून त्याच घरात सन्मानाने राहण्याची सोय नव्हती, हे विद्यार्थ्यांपुढे यावयास हवे. विवाहाबाहेरील सहजीवन आज अपरिचित राहिलेले नाही. तरीही ‘ती राजीखुशीने आली होती’ हा युक्तिवाद टिकून आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनेही सज्ञान पत्नीच्या बाबतीत पतीला दिलेला अपवाद कायम ठेवला. म्हणजे दारात एकदा दिलेला होकार कायमचा, हे सखारामचे गृहीतक विवाहाच्या चौकटीत अजूनही कायद्याच्या आश्रयास आहे. नाटकाने अर्धशतकापूर्वी उभा केलेला हा प्रश्न श्लील-अश्लीलतेच्या वादात झाकला गेला. तो उघड करणे हे आजच्या समीक्षेचे आणि अध्यापनाचे काम आहे.