शोधगंगेतला नावांचा गुंता

गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची 'शोधगंगा' म्हणजे भारतीय पीएच.डी. प्रबंधांचे डिजिटल ग्रंथालय. तेथे प्रत्येक प्रबंधाला कायमचा क्रमांक मिळतो. ही सोय उत्तमच. पण शोधणारा क्रमांक नव्हे, नाव टाकतो. आमच्याच शहराचे पाहा. १९५८ च्या मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १९९४ मध्ये झाला. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर २०२३ मध्ये झाले. प्रबंधावर मात्र त्या वेळचेच नाव. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेचे काम तर दोघींच्या नावांवर विभागले जाते. यावर २०१२ पासून 'ऑर्किड' हा सोळा अंकी संशोधक-क्रमांक आहे. पण तो ज्याचा त्यानेच घ्यायचा. दिवंगतांचे काय? म्हणून आम्ही सुचवतो: शोध रिकामा आला, तर 'यावर काम झालेलेच नाही' म्हणण्यापूर्वी विद्यार्थ्यांकडून जुनी नावेही शोधून घ्यावीत.