उस्ताद मन्सूरचे पक्षी

गेल्या पावसाळ्यात धर्मशिक्षणाच्या वर्गात मी मुलांना आवडीचा एखादा पक्षी काढावयास सांगितले. बहुतेकांनी चोचीत डहाळी धरलेले पांढरे कबूतर काढले. मेंढपाळाच्या घरातील एका मुलाने मात्र टिटवी काढली. डोळ्यापुढचा तांबडा मांसल भाग, लांब पिवळे पाय, सारे जागच्या जागी होते. मी सवयीने विचारले, ‘‘बाळ, याचा अर्थ काय?’’ तो गोंधळला आणि म्हणाला, ‘‘फादर, अर्थ कसला? टिटवी हाय ती.’’

मी ओशाळलो. चिमणी, कबूतर, कोंबडा यांना आम्ही धर्मगुरू प्रवचनात इतक्या वेळा कामाला लावतो, की पक्षी हा आधी पक्षी असतो याचा विसर पडतो. त्यानंतर उस्ताद मन्सूरच्या चित्रांच्या छापील प्रतिकृती मी पुन्हा काढून पाहिल्या. त्या पाहण्यातून सुचलेले काही विचार वाचकांपुढे ठेवतो.

मन्सूरचे जन्मवर्ष इतिहासाने नोंदवलेले नाही. अकबराच्या चित्रशाळेत ग्रंथचित्रांवर दुय्यम काम करीत तो पुढे आला आणि जहांगीराच्या काळात नावारूपास चढला. 1618 मध्ये जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात त्याचा ‘नादिर-उल-अस्र’, म्हणजे ‘युगातील अद्वितीय’, या किताबासह गौरव केला आहे. 1620 च्या काश्मीर प्रवासात त्याने शंभरावर फुलांची चित्रे काढली.

या कलेशी गोव्याचा संबंध दुहेरी आहे. 1580 साली गोव्याहून गेलेल्या येशूसंघीय धर्मगुरूंनी अकबराला अँटवर्प येथे छापलेले बहुभाषी बायबल भेट दिले. त्यातील आणि अशा अन्य युरोपीय कोरीव चित्रांचा दरबारी चित्रकारांनी बारकाईने अभ्यास केला. पुढे 1612 मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून काही नवलाचे पशुपक्षी बादशहाकडे आणले. त्यांत अमेरिका खंडातून पोर्तुगीजांमार्फत आलेला टर्की कोंबडा होता. मन्सूरने काढलेले त्याचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. या पक्ष्याच्या डोक्यामानेचा रंग घटकेत तांबडा, घटकेत पांढरा होतो, असे वर्णन बादशहाने लिहून ठेवले आहे. चित्रात हा पालट येणे अशक्यच होते. मन्सूरने एकच क्षण निवडला, पण पिसांवरच्या रेघा आणि मानेवरची गाठाळ कातडी त्याने विलक्षण चिकाटीने रंगवली.

याच दरबारातील दुसरे एक चित्र आपल्या जिल्ह्याशी निगडित आहे. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर मोगलांशी झुंजत राहिला. 1626 मध्ये मृत्यू येईपर्यंत तो जहांगीराच्या हाती लागला नाही. म्हणून 1616 च्या सुमारास अबुल हसन या चित्रकाराने बादशहाची इच्छा कागदावर पुरी केली. भाल्यावर अंबरचे शिर, त्यावर घुबड आणि समोर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून बाण सोडणारा जहांगीर, असे हे चित्र डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. हात सिद्धहस्त आहे, रेषा निर्दोष आहे. पण त्यातले घुबड हे घुबड नाही, ती शिवी आहे. न जिंकलेल्या माणसाचा अपमान करण्यासाठी एका निरपराध पाखराला वेठीस धरले आहे.

त्याशेजारी मन्सूरचा सायबेरियन क्रौंच ठेवावा. हे चित्र कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. चेहऱ्यावरच्या उघड्या कातडीच्या सुरकुत्या आणि मागच्या नखाला चिकटून राहिलेली पिसे, एवढेसुद्धा त्याने सोडलेले नाही. नखाला चिकटलेल्या पिसाने कोणत्या बादशहाचे वैभव वाढणार होते? ते तेथे होते, म्हणून मन्सूरने काढले. पाश्चात्त्य शास्त्रज्ञ पालास याने या क्रौंचाचे शास्त्रीय वर्णन केले ते 1773 मध्ये, म्हणजे सुमारे दीडशे वर्षांनी.

मन्सूरच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्याचे पक्षी बहुधा एका कुशीने, स्तब्ध उभे असतात. पाणथळ, घरटे, थवा, उड्डाण यांचा मागमूस क्वचितच लागतो. नर, मादी आणि पिल्लू यांचा तौलनिक विचार त्याच्यापुढे नव्हता. ते काम आधुनिक क्षेत्रपुस्तिकांच्या चित्रकारांनी केले. ग्रिमेट आणि इन्स्किप दांपत्याच्या 1998 मधील भारतीय उपखंडातील पक्ष्यांवरच्या ग्रंथात गोव्याच्या कार्ल डिसिल्वा यांची चित्रे आहेत. एकाच पानावर अनेक जाती, त्यांचे पिसाऱ्याचे भेद आणि उडतानाचे रूप दाखवावे लागणाऱ्या या कामात चित्रकाराला स्वतःची शैली मागे ठेवावी लागते. आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. मन्सूरचा आश्रयदाता जहांगीर हा हौशी शिकारीही होता. पाहण्याची आवड आणि मारण्याची आवड एकाच माणसात नांदत होती.

म्हणूनच ही चित्रे आज पाहताना आनंदात खंत मिसळते. सेंट पीटर्सबर्गमधील डोडोचे चित्र मन्सूरचे असावे असे जाणकार मानतात. तो पक्षी सतराव्या शतकातच पृथ्वीवरून नाहीसा झाला. सायबेरियन क्रौंच भरतपूरला 2002 नंतर आला नाही. मन्सूरने काढलेला बंगाली तणमोर हा आपल्या माळढोकाच्याच कुळातला; तोही आता मोजकाच उरला आहे. आणि माळढोक? त्याच्यासाठी 1979 मध्ये सोलापूर आणि आपल्या जिल्ह्यातील माळरानांवर अभयारण्य घोषित झाले. कर्जत-श्रीगोंद्याच्या माळावर आज त्याचे दर्शन दुर्मीळ झाले आहे. गवताळ माळाला आपण ‘पडीक’ म्हणत आलो. जे पडीक, ते निरुपयोगी, असा आपला हिशेब. मन्सूरने हा हिशेब बाजूला ठेवला होता, आणि तेच त्याचे मोठेपण, असे मला वाटते.

टिटवीचे ते चित्र मी वर्गाच्या भिंतीवर लावले आहे. खाली काही लिहावे असा मोह झाला होता. पण मुलाने स्वतःच अक्षर लावून लिहिलेला ‘टिटवी’ हा शब्द मला पुरेसा वाटला.